मानपत्रवाली

मोताळ्यात आमच्या घरी नळ आठ-दहा दिवसांनी यायचा, आणि तो नेमका कधी येईल हे नळ सोडणाऱ्या माणसालाही ठाऊक नसायचं. गल्लीच्या टोकाला पहिली बादली खडखडली की आई तव्यावरची पोळी तशीच टाकून हाक मारायची, "करुणा, नळ आला वं." मग मी पुस्तकात असो, कागदात असो की बेंजोवर, सगळं सोडून पळायचं. आधी टाकी, मग दोन ड्रम, हंडे, कळशा आणि शेवटी घरात जे जे पोकळ दिसेल ते. दुसरीकडे लाइटचा खेळ. पुढच्या खोलीत बाबांची पिठाची चक्की होती. लाइट आली की पट्टा फटफटायला लागायचा, भिंती थरथरायच्या, आणि बोलायचं तर ओरडून बोलावं लागायचं. लाइट गेली की शेजारच्या अंगणातली कोंबडी खाकरलेली ऐकू यायची. या दोघांच्या मधे जेवढा वेळ उरेल तेवढ्यात मला एम. ए. करायचं होतं, लोकांसाठी लिहायचं होतं आणि मामानं दिलेला बेंजो वाजवायचा होता. आमच्याकडचा बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. खाली तारा आणि वर टाइपरायटरसारखी बटणं. मामा गायन पार्टीत होता, त्याचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यानं तो मला दिला.

एकदा मी मोठ्या ऐटीत वेळापत्रक केलं. कोणाच्या तरी लग्नपत्रिकेची मागची कोरी बाजू घेतली, पट्टीनं रेघा मारल्या, आणि पहाटे अभ्यास, बसमधे वाचन, दुपारी लेखन, सांजच्याला बेंजो असं निळ्या पेनानं लिहून चक्कीच्या भिंतीला खळीनं चिकटवलं. बाबा चष्मा वर करून वाचत राहिले. आईनं पदराला हात पुसले, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि विचारलं, "याच्यात नळ कुठी लिहिला?" मला इतका राग आला की मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. आता मी केस रंगवायचं सोडलं आहे, हातातला फोन मला तासातासाला कामांची आठवण करून देतो, आणि तरी दर सोमवारी आठवड्याची आखणी करताना आईचाच प्रश्न आधी आठवतो.

लिहिण्याचं काम कसं लागलं ते सांगते. आमच्या शाळेतले सपकाळ सर निवृत्त झाले तेव्हा त्यांचं मानपत्र मी लिहिलं. सर मला पाचवीपासून माहीत. त्यांची बायको फार लवकर गेली होती, आणि दोन लेकरांना सायकलवर पुढे-मागे बसवून ते शाळेत यायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. मी लिहिलं, "सहधर्मचारिणीच्या अकाली निधनाचा घाव उरात लपवून आपण विद्यार्थ्यांनाच आपला संसार मानलात." ते वाचलं गेलं तेव्हा मंडपातली माणसं डोळे पुसत होती. झालं, दुसऱ्याच दिवशी चक्कीवर एक गृहस्थ आले आणि दळणाबरोबर मानपत्राचंही सांगून गेले. मग वाढदिवसाच्या जाहिराती, सूत्रसंचालनाचे कागद, सरपंचांचं भाषण, कोणाची श्रद्धांजली, आणि जिल्ह्याच्या एका पेपरच्या पुरवणीत दर पंधरवड्याला एक लेख. लोक मला नावानं विचारायचेच नाहीत. "ते मानपत्रवाली पोट्टी इथीच राह्यते का?" असं विचारत यायचे. माझ्या कागदांवर सदा पीठ असायचं. गिऱ्हाईक कागद हातात घेऊन आधी फुंकर मारायचं आणि मग वाचायचं.

बाबांना माझं लिहिणं आवडत होतं, पण ते तोंडानं कधी म्हणाले नाहीत. आईला मात्र वाटायचं की पोरगी तीन दगडांवर पाय ठेवून उभी आहे आणि कधीतरी तोंडावर पडणार. त्यात आत्यानं एक स्थळ आणलेलं होतं. मुलगा अकोल्याला नोकरीला, लोक बरे, घाई फक्त त्यांना. मी म्हटलं, मला एम. ए. पूर्ण करू द्या, नंतर बघू. त्यावर घरात तीन दिवस धुसफूस चालली आणि चौथ्या दिवशी बाबांनी चक्की बंद करून निकाल दिला. "एक वर्ष तुले दिलं. शीक, लिही, तो बेंजोही वाजव. पण दारात एक तक्रार आली, का हिनं काम बिघडवलं, का ही नापास झाली, तं मंग आत्याले हो म्हणून टाकू. कबूल हाय का?" मी म्हटलं कबूल. इतक्या जोरात म्हटलं की बाबा दचकले. मनात म्हटलं, बघतेच आता कोणती तक्रार येते ती.

वर्ष बरं चाललं होतं. पहाटे चक्की सुरू व्हायच्या आत अभ्यास उरकायचा. बुलढाण्याला कॉलेज, जाता-येता एसटीत वाचन. राजूरचा घाट लागेपर्यंत लिहिताही यायचं, घाटात मात्र पेन बंद, कारण वळणांनी अक्षर ओळीच्या बाहेर जायचं. माझ्या त्या वेळच्या वह्या बघितल्या तर बस कुठे पोचली होती ते आजही सांगता येतं. डब्यात ज्वारीची भाकरी आणि ठेचा, कधी कांद्याची पात घालून केलेलं भरीत. संध्याकाळी पाऊण तास बेंजो, पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर दोन गाणी. कंटाळा यायचा, डोळे चुरचुरायचे, मैत्रिणी सिनेमाला जायच्या तेव्हा जळफळाटही व्हायचा. पण कोणी "जमतं का तुला हे सगळं?" असं विचारलं की अंगात वीज यायची. मी जात्याच तिरपट. नाही म्हटलं की हटकून करणार.

मे महिन्यानं मात्र घात केला. आमच्याकडच्या जुन्या मास्तर लोकांची गंमत अशी की, शाळेत नाव घालताना जन्मतारीख कोणाच्याच घरी लिहिलेली नसायची, मग गुरुजी सरसकट एक जून टाकून मोकळे व्हायचे. त्यामुळे अख्ख्या तालुक्यातली मास्तर मंडळी मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी एकदम निवृत्त होतात. त्या वर्षी माझ्याकडे सात मानपत्रं आली होती. माझी परीक्षा मे महिन्यात. वैशाख पौर्णिमेचा कार्यक्रमही मे महिन्यात, आणि त्यात मामाच्या पार्टीनं मला पहिल्यांदाच पूर्ण कार्यक्रमासाठी बसवलेलं. मी सातही कामं घेतली. नाही म्हणायचं मला सुचलंच नाही. नाही म्हटलं तर आईचं खरं होईल अशी भीती होती.

सहा मानपत्रं कशीबशी झाली. सातवं नारखेडे सरांचं, मोताळ्यापासून पाच-सहा किलोमीटरवरच्या एका खेड्यातले मुख्याध्यापक. मी त्यांना एकदाही पाहिलं नव्हतं. शाळेतल्या एका शिक्षकानं एका चिठ्ठीवर नाव, गाव, नोकरीची वर्षं आणि "अत्यंत शिस्तप्रिय" एवढं लिहून दिलं होतं. ज्या सकाळी ते लिहायला बसले, त्याच सकाळी अकरा दिवसांनी नळ आला. दुसऱ्या दिवशी माझा शेवटचा पेपर. ड्रममधे नळी सोडून मी तशीच ओल्या पायांनी चौकात संजूदादाच्या डीटीपीच्या दुकानात पळाले. तोच माझी सगळी मानपत्रं टाइप करायचा. म्हटलं, "दादा, सपकाळ सरांची फाइल उघड. नाव बदल, गाव बदल, वर्षं बदल, आणि शिस्तप्रिय कुठेतरी घाल."

"वाचून पाह्यतं का एकदा?" तो म्हणाला.

"ड्रम भरून वाहत असेल रे. तू छाप आणि फ्रेमही करून ठेव."

हे मी म्हटलं. मीच म्हटलं. पुढे कित्येक दिवस मला तेच वाक्य ऐकू यायचं.

त्या कार्यक्रमात मानपत्र वाचायलाही मलाच बोलावलं होतं. पेपर देऊन मी बुलढाण्याहून परस्पर तिथे गेले. शाळेच्या पटांगणात मंडप, मागे चुलींवर वांग्याची भाजी रटरटत होती, गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजत होते, आणि वर्ष पार पडलं या आनंदात मला सडकून भूक लागली होती. रंगीत कागद फाडून मी फ्रेम हातात घेतली आणि चांगल्या खणखणीत आवाजात वाचायला लागले. पहिले दोन परिच्छेद छान गेले. टाळ्याही पडल्या. मग माझ्याच तोंडून माझ्याच कानांनी ऐकलं, "सहधर्मचारिणीच्या अकाली निधनाचा घाव उरात लपवून."

समोर पहिल्या रांगेत हिरव्या साडीत एक बाई बसल्या होत्या. सत्काराचा हार अजून त्यांच्या गळ्यात होता. सरांच्या शेजारी त्यांना मंचावर खुर्ची नव्हती, पण त्या कोण हे सांगायची गरज नव्हती, कारण सगळा मंडप आधी माझ्याकडे आणि मग त्यांच्याकडे वळला. मागून कोणीतरी फिसकन हसलं. सर मान वर करून बायकोकडे असे बघत होते की जणू ती खरंच तिथे आहे का याची खात्री करून घेत आहेत. बाईंनी पदर नीट केला आणि सरळ बसून राहिल्या. मी उरलेलं कसं वाचलं ते मला आठवत नाही. भाषणं सुरू झाली तशी मागच्या बाजूनं निघाले, न जेवता, आणि रस्त्यावर पहिली काळीपिवळी जीप मिळाली तिच्यात बसले. घाबरले होतेच, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. हातातल्या कामाची इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही वाटली नाही.

घरी मी कोणाला काही बोलले नाही. आईनं विचारलं, "कसं झालं वं?" मी म्हटलं, चांगलं झालं. दोन दिवस चक्कीवर कोणी नवीन माणूस आलं की मी आतल्या खोलीत सरकायचे. बेंजोवर बसले तर बोटं चुकायची. तिसऱ्या दिवशी सकाळी लाइट गेलेली होती, चक्की बंद, आणि त्या शांततेत बाहेरून आवाज आला, "मानपत्रवाली पोरगी इथीच राह्यते का?" मी आतून पाहिलं. त्याच बाई होत्या. काखेत गव्हाचा डबा. वाटेतल्या तीन चक्क्या सोडून आमच्याकडे दळण आणलं होतं त्यांनी.

मी बाहेर आले. आई दारात, बाबा काट्यापाशी. आता लपवायला जागा नव्हती, म्हणून मीच आधी बोलले, "काकू, चूक माझी आहे. संजूदादाची नाही. दुसऱ्या सरांचं मानपत्र होतं, मी फक्त नाव बदललं. तुमच्या घरचं कोणालाच काही विचारलं नाही." एवढं बोलून मी रडायला लागले. रडायचं नाही असं ठरवलं होतं, तरी.

बाबांनी डबा खाली ठेवून घेतला. "बाई, काय झालं ते मले माहीत नाही. तक्रार हाय का तुमची?"

"तक्रार तं हाय," काकू म्हणाल्या. त्या पोत्यावर टेकल्या आणि आईनं दिलेलं पाणी अर्धं प्याल्या. "सारं गाव दोन दिवसांपासून येऊन राह्यलं घरी. 'काऊन काकू, जित्या हाव का?' म्हणून इचारून जातात. पोरं तं दारातून डोकावून पाह्यतात. पण मले राग त्याचा नाही आला. मी रात्री बसून इचार केला, का ह्या पोरीनं चूक केली नसती तं काय झालं असतं? तं त्या कागदात मी आलीच नसती. एवढं मोठं मानपत्र. सरांची शिस्त आली, सरांची शाळा आली, सरपंच आले, पाण्याची टाकी आली. मी आली तं मरून आली. बरं, तिथीही माह्यं नाव नाही."

मी हातानं नाक पुसलं.

"काय नाव काकू तुमचं?" मी विचारलं.

"आता इचारून राह्यली. सिंधू." मग त्या बाबांकडे वळल्या. "दादा, पोरगी चांगलं लिह्यते. पहिले दोन परिच्छेद आयकून माह्या आंगावर काटा आला होता. पण तिले म्हना, घरी येऊन बसजो एक दिवस. मी सांगीन आणि ती लिहीन. माह्यं वेगळं मानपत्र पाह्यजे मले. फुकट नोको." दळण तसंच ठेवून, पुढच्या रविवारी घेऊन जाईन म्हणून त्या निघून गेल्या.

त्या वळणाआड गेल्या तसं घर पुन्हा माझ्याकडे वळलं. आई म्हणाली, "मी म्हणत होती ना. तीन-तीन गोष्टी." बाबा बराच वेळ काट्याचं पारडं पुसत बसले. मग म्हणाले, "तक्रार आली दारात. त्या बाईनं काम देल्लं म्हणून तक्रार मिटत नाही. आता सांग, तिघातलं काय सोडतं?"

"बेंजो सोडून दे," आई म्हणाली. "त्याच्यानं कोणाचं काय अडलं?"

मी भिंतीवरच्या त्या लग्नपत्रिकेकडे पाहिलं. खरं सांगते, त्या क्षणी बेंजो सोडते म्हटलं असतं तर सगळं शांत झालं असतं, आणि सगळ्यांना तेच सोपं वाटत होतं. पण मला कळत होतं की पाऊण तासाच्या बेंजोनं ते मानपत्र बिघडवलं नव्हतं. उलट बेंजोवर चुकीचं बटण दाबलं की लगेच कानाला टोचतं, पुन्हा मागे जाऊन वाजवावं लागतं, आणि लिहिताना मी तेवढंच करायचं टाळलं होतं. मी म्हटलं, "काहीच सोडत नाही. पण सात कामं घेणार नाही. आठवड्याला एक मानपत्र, आणि ज्याचं लिहायचं त्याच्या घरी जाऊन बसल्याशिवाय लिहिणार नाही. कोणी परत गेलं तर जाऊ दे. आणि नारखेडे सरांचं काम पुन्हा करून देईन. निकालात नापास झाले तर तुम्ही म्हणाल ते." तेवढ्यात लाइट आली, पट्टा फटफटायला लागला, आणि बाबांनी काय म्हटलं ते ऐकू आलं नाही. मी जवळ जाऊन विचारलं. त्यांनी ओरडून सांगितलं, "त्या बाईचं आधी लिही. मंग बोलू."

मी ती पत्रिका फाडली आणि नवीन केली. या खेपेला रेघा कमी मारल्या आणि मधे एक मोठा रकाना कोरा ठेवला. आईनं विचारलं, हे काय. म्हटलं, हा नळ.

रविवारी मी निघाले तेव्हा पायात चप्पल घालते न घालते तोच गल्लीच्या टोकाला बादली खडखडली. मी थबकले. पिशवी खुंटीला अडकवायला वळले तर आईनं माझ्या हातातून ती घेतली आणि परत माझ्याच खांद्यावर ठेवली. "जाय तू. नळ मी पाह्यते." तिनं पदर खोचला आणि हंडे उचलले. त्या घरात मला त्याहून मोठी परवानगी कधी मिळाली नाही. पुढे निकाल बरा लागला, अकोल्याचं स्थळ दुसरीकडे जुळलं, पण माझ्या लेखी तो प्रश्न त्या सकाळीच मिटला होता.

सिंधूकाकूंच्या ओसरीवर मी चार तास बसले. त्यांनी पातोड्यांचा रस्सा केला होता, आणि मधे मधे उठून त्या भाकरी थापायच्या, तिथूनच बोलायच्या. सरांची पहिली नेमणूक संग्रामपूरकडे, सातपुड्याच्या पायथ्याला. एका खोलीची शाळा. सरांना मलेरिया झाला तेव्हा दोन महिने काकूंनी पोरांना बाराखडी शिकवली, आणि हजेरीपटावर सह्या मात्र सरांच्या. सरांना सकाळी लवकर जाग यायची नाही. शाळेला घंटा म्हणून झाडाला रुळाचा तुकडा टांगलेला होता. पहिल्या एसटीचा आवाज आला की काकू चुलीवरून उठून जायच्या आणि घंटा वाजवून यायच्या, मग सर घाईघाईनं शर्टाची बटणं लावत निघायचे. "आणि त्या कागदात तू लिह्यलं, शिस्तप्रिय," काकू म्हणाल्या. आम्ही दोघी खूप हसलो. सर आतल्या खोलीत पेपर वाचत होते. त्यांचं पान उलटायचं थांबलं होतं.

ते मानपत्र मी सहा वेळा लिहिलं. त्यांच्याच अंगणात पंधरा-वीस माणसांसमोर वाचलं, आणि पहिल्याच ओळीत नाव घातलं. सर मान खाली घालून ऐकत होते. वाचून झाल्यावर काकू एवढंच म्हणाल्या, "हाव. हे बरोबर हाय." मी सरांचं मानपत्रही दुरुस्त करून, नवी फ्रेम करून नेलं होतं. ती काकूंनी घेतलीच नाही. "ते राहू दे भिताडावर तसंच. पाव्हणे आले का दाखवीन, पाहा मी मेली हाव म्हणून." आणि खरंच त्या दाखवायच्या. पुढे कितीतरी वर्षं मी गेले की नवीन कोणीतरी त्या वाक्यावर हसत असायचं, काकू चहा गाळत असायच्या, आणि दोन्ही फ्रेमा शेजारी-शेजारी.

गेल्या दिवाळीनंतर काकू गेल्या. मी भेटायला गेले ती मलकापूरच्या एका कामाच्या वाटेवर, मधला अर्धा तास काढून. हल्ली मी चार ठिकाणांसाठी लिहिते, दुपारपर्यंत एक मजकूर पाठवायचा होता, पिशवीत फोन गुणगुणत होता. सर खाटेवर बसले होते, ऐंशीच्या घरातले, हात गुडघ्यांवर. त्यांनी भिंतीवरच्या जुन्या फ्रेमकडे बोट केलं.

"ते वाक्य बदलून दे बाई," ते म्हणाले. "इतके वर्षं खोटं होतं, चाललं. आम्ही हसायचो. आता सकाळी उठलो का समोर तेच दिसते."

"उद्याच करून आणते सर. तिथे काय लिहू?"

"मले काय सांगता येते? बोलाचं काम तिचं होतं."

फोन पुन्हा गुणगुणला. मी तो बंद केला, तिकडे कळवलं नाही, आणि पिशवीतून वही काढून खाटेच्या पायथ्याशी बसले. म्हटलं, "मला घाई नाही. कुठूनही सांगा."

सरांनी डोळे मिटले. अंगणापलीकडच्या रस्त्यावरून एसटी गेली, ती दूर जाईपर्यंत ते ऐकत राहिले.

"शाळेची घंटा सिंधू वाजवे," ते म्हणाले. "लिह्य. मी रोज उशिरा उठायचो."